गोणीतले चाळीस डबे

जगाधरी, हरियाणा
२२ सप्टेंबर २०२४

विशाखा,

जय भीम. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून कागद घेऊन बसलोय. आठवी नापास माणसाला पत्र लिहायला लावलंस, बरं वाटलं असंल. परवा फोनवर मी शिव्या दिल्या, ते कबूल. ऐकून घ्यायच्या होत्या. भाऊ आहे मी तुझा, कंपनीचा कॉल नाय मधीच कट करायला. मायच्या फोनवर लावला असता, पण तिच्यावर मी आवाज चढवत नसतो आणि आज चढवल्याबिगर राहणार नाय.

सम्यकनं तुझ्या कॉलेजातल्या चित्रांच्या प्रदर्शनाचे फोटो पाठवले. काकाचं लेकरू, त्याला वाटलं दादा खूश होईल. जेवायच्या सुट्टीत उघडून बघितलं तर समोर आपला तवा. मग कान तुटलेली कढई. मग बुडाला डांबर लावलेली बादली. मग मायचं सूप, साडीचा काठ शिवलेलं. एकेकाला वेगळी काच, वेगळी चौकट, आणि त्यांच्यापुढं इस्त्रीच्या कपड्यातले लोक हात मागं बांधून उभे. त्यांच्या घरात असली बादली असती तर त्यांनी कधीच भंगारात घातली असती. आपल्या घरातली आहे म्हणून ती सुंदर. वर पाटी काय, तर 'वस्तूंचं मौन'. बादलीला कसलं मौन आलंय. आठ दिवसांनी नळ आला की अख्खी गल्ली उठवती ती.

तरी मी एवढ्यावर गप बसलो असतो. मोठी झालीस, कॉलेजात गेलीस, घराची लाज भिंतीला टांगायची असंल तर टांग.

पण शेवटचा फोटो. आपल्या पलंगाखालून अर्धी बाहेर आलेली गोणी. तिच्यावर काळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'मगरे, मुकुंदवाडी'. ते अक्षर माझं आहे. आणि गोणीच्या तोंडातून सांडलेले डबे. ते बी माझे आहेत.

दोन हजार एकोणीसला अण्णांचा पहिला स्मृतिदिन होता तेव्हा मला सुट्टी नाय भेटली. म्हणून मी डबे पाठवले. कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्याची भांडी पॉलिश करतो. मोटारीवर कापडाचं चाक फिरतं, त्याच्यावर भांडं धरायचं, पॉलिशचा काळा मसाला उडतो, तो नाकातोंडात जातो. हे चाळीस डबे मी ड्युटी संपल्यावर केले, महिनाभर, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय. वर अण्णांचं नाव टाकून घेतलं. मी फोन केला तेव्हा माय म्हणली, वाटले रे बाबा सगळे, लोकांनी नाव काढलं.

पाच वर्षं मी इथल्या पोरांना सांगतोय की माझ्या गावाकडं चाळीस घरात माझ्या बापाच्या नावाचा डबा आहे. कुणी त्याच्यात हळद ठेवतं, कुणी साखर.

आता सांग, ते डबे पलंगाखाली काय करतेत?

ते चित्र खाली उतरव. आणि खोटं कुणी सांगितलं ते लिही. गोल गोल लिहू नको.

राजकुमार


मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१ ऑक्टोबर २०२४

दादा,

जय भीम. तुझं पत्र पोस्टमननं शेजारच्या भामाबाईंच्या हातात दिलं, त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की राजकुमारचं पत्र आलं. आई घरी नव्हती म्हणून वाचलं. ती चार घरची कामं करून यायच्या आत ते मी लपवलं.

नंबर ब्लॉकच राहणार. तू मला जे बोललास ते लिहून वाचायला दिलं तर तुलाच लाज वाटेल.

चित्र मी उतरवलं नाही. उतरवणारही नव्हते. प्रदर्शन तसंही रविवारी संपलं. आणि घराची लाज कसली? मी काय लिहिलं का खाली, 'बघा किती गरीब'? 'वस्तूंचं मौन' ही पाटी रत्नमाला मॅडमनी दिली, मला ती आवडली नव्हती, पण त्या शिकवतात, मी काय बोलणार.

तुला वाटतं मी बादली सुंदर आहे म्हणून रंगवते. दादा, मी ती चार महिने रंगवली तेव्हा ती सुंदर दिसायला लागली. आधी मलाही ती नुसती फुटकी बादली होती. डांबर सुकल्यावर त्याच्या कडेला एक तपकिरी पिवळट रेघ येते, तुला माहीत आहे का? आपण सगळे त्या बादलीनं मोठे झालो आणि ती रेघ एकानं पाहिली नाही.

जलरंगात पांढरा रंग लावत नसतात. जिथं उजेड पाहिजे तिथला कागद तसाच सोडायचा. एकदा ब्रश लागला की तो उजेड गेला, मागं फिरता येत नाही. म्हणून सगळ्यात अवघड तुझे डबे गेले. एका एका डब्यात आपलं अख्खं घर दिसतं, वाकडं होऊन. कागद कुठं सोडायचा हे ठरवायलाच दोन आठवडे लागले. सात कागद फाडले. कॉलेजातली पोरं फुलं, घाट, लेणी रंगवतात. मला त्या डब्यांसमोरून उठावंसं वाटेना.

डबे वाटले नाहीत कारण ट्रान्सपोर्टची गाडी उशिरा आली. स्मृतिदिन होऊन गेला होता. आईला वाटलं तुला वाईट वाटेल, म्हणून ती तसं म्हणाली. एवढंच आहे.

सोबत चित्राची रंगीत प्रिंट पाठवते. फोनवर बघू नकोस, फोनवर रंग मरतात.

विशाखा


जगाधरी
१२ ऑक्टोबर २०२४

विशाखा,

खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

स्मृतिदिन १९ डिसेंबरचा. माल १६ ला गोदामावर उतरला. १७ ला सम्यकच्या बापानं तो रिक्षात टाकून घरी आणला. पावतीचा फोटो त्यानंच मला पाठवला होता, अजून माझ्या मोबाईलात आहे. दोन दिवस आधी गोणी घरात होती. उशीर कुठं झाला? आता तू मला शिकवणार का तारखा? शाळा कमी शिकलो, कॅलेंडर कळतंय मला.

तू बी खोटं, माय बी खोटं. दोघी मिळून पाच वर्षं मला येड्यात काढलं.

प्रिंट भेटली. आधी फाडणार होतो. मग इंद्रजीतनं हातातून घेतली. हा बिहारचा आहे, माझ्या शेजारच्या मोटारीवर असतो, सोळा वर्षं चाकावर काढली त्यानं. म्हणला, 'ये फोटो किसने खींचा? बफ सही बैठा है.' बफ म्हणजे ते कापडाचं चाक. मी म्हणलं फोटो नाय, माझ्या बहिणीनं रंगवलंय. त्याला खरं वाटंना. त्यानं बोटाला थुंकी लावली आणि कोपऱ्यात घासून बघायला लागला. मी त्याचा हात झटकला.

मग मी बघितलं ते चित्र. नीट बघितलं. आणि मला अजून राग आला, कारण तुझं चुकलंय. डब्याच्या पोटावर तू उजेडाची उभी पट्टी सोडलीस, ते बरोबर. पण झाकणावर तू गोल ठिपका सोडलास. झाकण चाकावर गोल फिरवून पॉलिश करतेत, त्याच्यामुळं त्याच्यावर उजेड ठिपका होऊन बसत नाय. तो मधल्या बोंडापासून दोन्हीकडं फुटतो, पंख्याच्या दोन पात्यांसारखा. डबा हातात धरून हलव, पाती बी फिरतेत. दोन आठवडे बघत बसलीस म्हणतेस, काय बघितलंस?

आणखी एक. तिसऱ्या डब्यात खिडकी दिसती. तिच्याखाली हिरवं आहे ते मायचं लुगडं आहे का? ती चुलीपाशी वाकलेली असंल तर तिचं डोकं का नाय काढलंस?

मी इथं रोज तीनशे भांडी हातातून काढतो. प्रत्येकात मला माझंच काळं तोंड दिसतं, म्हणून मी बघत नाय. बघितलं की हात चाकात जातो. मागं एकाचा गेला. तुला काय, तुझं ब्रशनं भागतं.

खरं काय झालं ते लिही. आता पुढच्या वेळेस खोटं लिहिलंस तर मी सम्यकच्या बापाला फोन लावीन.

राजकुमार


मुकुंदवाडी
२४ ऑक्टोबर २०२४

दादा,

काकांना फोन लावू नकोस. त्यांना माहीत आहे आणि त्यांनी आईला शब्द दिलाय की तुला सांगणार नाहीत. मीही दिला होता. तो मोडते.

गोणी आली त्या दिवशी आईनं कामावरून सुट्टी घेतली होती. सुरीनं शिवण उसवली. पहिला डबा काढला आणि पदरानं पुसला, काही पुसायची गरज नसताना. म्हणाली, बघ गं, ह्याच्यात माझं तोंड दिसतंय. तिनं तो गालाला लावला. मग मला म्हणाली, वाच, काय लिहिलंय त्याच्यावर.

मी तेव्हा दहावीला होते. मी मोठ्यानं वाचलं. 'स्वर्गीय कडुबा मगरे यांच्या स्मरणार्थ. मुलगा राजकुमार.'

तिनं विचारलं, पुढं काय लिहिलंय म्हणलीस? मी परत वाचलं. ती म्हणाली, दुसरा काढ. मग तिसरा. असे आम्ही चाळीसच्या चाळीस बघितले.

दादा, अण्णा विहारात वंदना घ्यायचे. कुणाच्या फलकावर, कुणाच्या पत्रिकेवर 'स्वर्गीय' दिसलं की ते त्याच्या घरी जाऊन सांगायचे, बाबा रे, आपण स्वर्ग-नरक मानायचं सोडलं, आपला माणूस कालकथित असतो. गल्लीच्या तोंडावरच्या त्या काकासाहेबांच्या दुकानावरचं भलं मोठं बॅनर त्यांनी स्वतः शिडीवर चढून उतरवलं होतं, तू खाली शिडी धरली होतीस. आणि त्याच माणसाच्या नावापुढं तो शब्द, चाळीस वेळा, पुसता न येणारा. आई कुणाच्या हातात देणार होती ते? विहारात सगळे वाचणार होते.

ती रडली नाही. तिनं डबे एकेक करून गोणीत भरले, आवाज होऊ नये म्हणून मध्ये मध्ये जुने कपडे घातले आणि गोणी पलंगाखाली सारली. १९ तारखेला खीरदान केलं, सगळे खीर खाऊन गेले. तुझा फोन आला तेव्हा तू पहिलंच विचारलंस, डब्यांची चमक कशी वाटली लोकांना? ती काय सांगणार होती?

मी वाचलं नसतं तर कदाचित वाटून झाले असते, नंतर कुणी तरी सांगितलं असतं, पण वाटून तर झाले असते. हे मी पाच वर्षं मनात धरलंय. म्हणून ते रंगवायला घेतले. चित्रात मी तो शब्द कुठंच घेतला नाही. डबे असे मांडले की तो मागच्या बाजूला जाईल. दोनच डब्यांवर अक्षरं दिसतात, 'कडुबा मगरे' एवढीच.

हिरवं आईचंच लुगडं आहे. डोकं काढलं नाही कारण ती हलत होती.

झाकणाचं तू बरोबर लिहिलंस. मी हलवून बघितलं.

विशाखा


जगाधरी
४ नोव्हेंबर २०२४

विशाखा,

तुझं पत्र वाचून मी कारखान्याच्या मागं गेलो आणि एक पातेलं भिंतीवर हाणलं. मालकानं त्याचा दंड लावला. लावू दे.

आधी त्या नाव टाकणाऱ्याला शिव्या घातल्या. म्हातारा आहे, मशीनची पेन्सिल घेऊन बसतो. मी त्याला कागदावर 'कडुबा मगरे यांच्या स्मरणार्थ' एवढंच लिहून दिलं होतं. त्यानं पुढं आपल्या मनानं टाकलं. म्हणतो, मरे हुए के आगे लगता ही है, बेटा, सबके लगाता हूँ, इज्जत का लफ्ज है. आता त्याला काय सांगू? मी वाचलं नव्हतं. घाई होती, ट्रकवाला हॉर्न देत होता.

मग तुमच्या दोघींवर राग आला, तो अजून आहे. पाच वर्षं. अगं एक फोन केला असता तर मी काय मेलो असतो का? मी ह्याच कामाचा माणूस आहे. मशीनची अक्षरं वरच्यावर असतेत, चाकाखाली धरलं की एका डब्याला पाच मिनिटं लागतेत, शब्द गुल. चमक तशीच राहती, कुणाला कळत बी नाय की तिथं काय होतं. जे माझ्या हाताचं पाच मिनिटाचं काम आहे, त्याच्यावर तुम्ही पाच वर्षं झोपलात. अक्षरशः वर पलंग टाकून झोपलात. मला एवढं बिनकामाचं समजलात?

आता ऐक. १९ डिसेंबर यायलाय. मी १५ ला येतो. चाक आणि मसाला इथून आणतो, चिकलठाण्याच्या कारखान्यात कुणाची तरी मोटार दोन दिवस भेटंल. मी शब्द काढतो आणि मग वाटा.

तोवर गोणीला कुणी हात लावायचा नाय. तिथल्या एखाद्या कारागिराला देऊ नका, तो आडवं चाक मारून वाटोळं करंल. मायला सांग, मला सगळं कळलंय.

राजकुमार


मुकुंदवाडी
२० नोव्हेंबर २०२४

दादा,

आईला सांगितलं. तुझं पत्र वाचूनच दाखवलं, शिव्यांसकट. तिनं पूर्ण ऐकलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर घेऊन आली.

मी म्हणलं, दादा येतोय ना, तो म्हणला हात लावू नका. तर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण तिनंच लिही म्हणून सांगितलंय.

"त्याला लिही, मागल्या वेळंस बी तू येतो म्हणला होतास. मी पोरगा मागितला होता, तू डबे पाठवलेस. मला डबे नव्हते पाहिजे. माझ्याकडं डबे होते. बापाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायला लेक पाहिजे होता, ती काकाच्या सम्यकनं लावली. आता परत येतो म्हणतोस. ये, नको ये, तुझी मर्जी. पण तुझ्या वाटेवर बसून मी अजून पाच वर्षं ह्या गोणीवर झोपणार नाय. नवरा माझा होता. त्याच्या नावापुढचा शब्द मी काढीन."

आणि ती काढतेय, दादा. रोज दुपारी दोन डबे. आधी विटकरीचा चुरा आणि काथ्या, मग पॉलिशपेपर. बोटाला कापड गुंडाळते तरी साल निघालीय. मी भांडले तिच्याशी. म्हणलं, अगं चमक जातेय, तो तिकडं डोकं आपटील. ती म्हणाली, आपटू दे.

तुला खोटं सांगणार नाही, जिथं ती घासते तिथली चमक जाते. दोन बोटांएवढी जागा पांढुरकी, आंधळी होते. बाकी डब्यात खिडकी दिसते, दार दिसतं, ती दिसते. त्या जागेत काही दिसत नाही. त्याच्यापुढं लगेच 'कडुबा' सुरू होतं.

बावीस झालेत.

विशाखा


जगाधरी
२९ नोव्हेंबर २०२४

विशाखा,

बावीस डब्यांचं वाटोळं केलं आणि वर मला मोजून कळवलंस.

पॉलिशपेपर. स्टीलच्या आरशाला पॉलिशपेपर. तुमाला माहीत आहे का एक डबा आरशासारखा करायला किती वेळा चाकावर जावं लागतं? आधी जाड चाक, मग बारीक, मग नुसतं कापड, प्रत्येक वेळेस मसाला वेगळा. अंगठ्याचं नख गरम होऊन काळं पडतं. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं बघायला या. ते मी कुणासाठी केलं? आणि तुमी त्याच्यावर वीट घासता, जशी काय ती जळलेली कढई आहे. तिच्या बोटाची साल गेली तर माझी काय कमी गेली का?

डबे पाठवले म्हणून माय मला बोलली. मी काय पाठवणार होतो? माझ्या हाताला दुसरं येतं काय? तू चित्र काढतीस, तुला लोक मॅडम म्हणतील. मला हे एकच येतं. मी ते केलं. आता ते बी तुमाला नको होतं हे पाच वर्षांनी कळवताय.

मी येत नाय. कशाला येऊ? शब्द तर तुमी काढताय. करा, सगळे आंधळे करा.

आणि मागल्या पत्रात मी एक लिहिलं होतं की मी वाचलं नव्हतं. ते खोटं आहे. मी वाचलं होतं. म्हाताऱ्यानं पहिला डबा केला आणि मला दाखवला. मी वाचलं, 'स्वर्गीय कडुबा मगरे'. मला ते भारी वाटलं. अण्णांचं नाव एवढं मोठं कधी दिसलं नव्हतं. कारखान्यातल्या सेठच्या बापाच्या फोटोखाली तसंच लिहिलंय. मी शिडी धरणारा पोरगा, मला आठवायला पाहिजे होतं, पण तेव्हा आठवलं नाय. मी म्हणलं, हां बाबा, ऐसे ही सब पे डालो.

हे मायला वाचून दाखव. नाय तर नको दाखवू.

राजकुमार


मुकुंदवाडी
२२ डिसेंबर २०२४

दादा,

वाचून दाखवलं. बोटं सोलल्यानं ती आता दिवसाला एकच डबा करत होती, तो घासायची थांबली. मग म्हणाली, त्याला लिही, मला आधीच वाटलं होतं. आणि परत घासायला लागली. रागावली का, कळलं नाही. तिचा चेहरा तुला माहीत आहे.

१९ ला विहारात कार्यक्रम झाला. वंदना झाली, सम्यकनंच मेणबत्ती लावली. आई दाराकडं तोंड करून बसली होती, शेवटपर्यंत.

डबे आम्ही सतरंजीवर मांडले होते. चाळीस. खिडकीतून ऊन येत होतं, तुझी ती पंख्याची पाती प्रत्येक झाकणावर. लोक आत आले आणि पहिल्यांदा सगळे तिथंच थबकले, खरं सांगते. मागच्या एका बाईनं विचारलं, कुठल्या दुकानातून आणले? आई म्हणाली, पोराच्या हातचे आहेत.

भामाबाईंना गप बसवतंय कोण. डबा हातात घेतला, उजेडाकडं फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गोजराबाई, डबा झकास आहे, पण हितं खरचटल्यावानी दिसतंय. सेकंडचा माल आहे का?"

मला वाटलं आता आई मान खाली घालेल. ती उभी राहिली. म्हणाली, "तिथं चुकीचा शब्द होता. माझ्या पोरानं टाकला, मी काढला. पाच वर्षं लपवला, आता लपवत नाय. ज्याला खरचटलेला नको त्यानं ठिवून जा."

खरचटलाय म्हणून कुणी ठेवला नाही, दादा. मुक्ताबाई, त्या म्हाताऱ्या, अण्णांच्या वंदनेला पहिल्या ओळीत बसायच्या त्या, त्यांनी तर त्या जागेवर अंगठा फिरवला आणि हसल्या. म्हणाल्या, कडुबानं शिडीवर चढून असंच केलं असतं. मग एकेकानं त्या जागेला बोट लावून बघितलं. चमक सगळ्यांना दिसली, पण हात मात्र सगळ्यांचा तिथं गेला.

एकोणचाळीस गेले. एक उरला कारण काकासाहेबांनी नेला नाही. त्यांना बॅनरचा राग अजून आहे.

तो उरलेला मी आता रंगवतेय. ती घासलेली जागा कशी करायची ते सापडत नव्हतं. कागद सोडला तर ती चमकते, आणि ती तर चमकत नाही. गडद केली तर डाग वाटते. शेवटी सगळा डबा सुकू दिला आणि तिथं फक्त पाण्यात किंचित राखाडी घेऊन ब्रश एकदाच टेकवला. परत हात लावला नाही. चित्रात नजर आता पहिल्यांदा तिथंच जाते. मॅडम म्हणाल्या, हा भाग अपूर्ण वाटतो. ह्या वेळेस मी त्यांना म्हणलं, नाही मॅडम, इथंच पूर्ण झालंय.

विशाखा


जगाधरी
२ जानेवारी २०२५

विशाखा,

मी १९ ला आलो नाय ते रागानं आलो नाय. मालकानं सुट्टी दिली होती. बॅग भरली होती. हे मायला सांग, सुट्टी नव्हती असं सांगू नको. आता आपल्या घरात खोटं लई झालं.

माझा राग गेला असं समजू नको. पॉलिशपेपर लावायला नको होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार. सेकंडचा माल म्हणली ती भामाबाई. माझ्या हातच्या डब्याला. मी असतो तर तिला तिथंच सांगितलं असतं सेकंड काय असतं. नंबर ब्लॉकच राहू दे. फोन लागला तर मी परत शिव्या देईन.

इंद्रजीतला तुझं पत्र हिंदीत करून सांगितलं. भामाबाईवर तो लई हसला. मग मायचं ऐकून त्यानं आपल्या बोटांकडं बघितलं. म्हणला, तेरी माँ ने हाथ से किया? पूरे चालीस? त्यालाच माहीत हाताला काय होतं ते. मग तो म्हणला, उरलेला डबा मागवून घे, दोन मिनिटात ती जागा परत आरशासारखी करून देतो, कोरा करकरीत होईल. मी त्याला म्हणलं, तू तुझ्या मोटारीवर जा.

ह्या कारखान्यात चमकणारं भांडं बघायला मान वर करायची गरज नाय. सगळीकडं तेच आहे. मला त्याच्यात काही दिसत नाय. तुझ्या प्रिंटमधी तेवढं मायचं लुगडं दिसलं.

तर उरलेला डबा मला पाठव. चित्र संपलं की पाठव, घाई नाय. मी त्याला चाक लावणार नाय, इंद्रजीतला लावू देणार नाय, जशी जागा आहे तशी राहील. खोलीत तुझी प्रिंट लावलीय त्या खिळ्याजवळ फळी आहे, तिथं घासलेली बाजू पुढं करून ठेवीन.

मायला म्हण, रिकामा डबा पाठवत नसतेत. कालवणात टाकायचं तिच्या हातचं येसर भरून दे. आणि झाकण तिच्या हातानं घट्ट लाव, वाटंत सांडायला नको.

राजकुमार